न उतरणारा लाल

जगातला कोणताही डाग, मग तो धोतरावरचा असो की कुळाला लागलेला, नुसता वास घेऊन कोणत्या रंगाचा, किती दिवसांचा आणि कुणाच्या हलगर्जीपणाचा आहे हे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या शेजारी राहत होता. स्वतःला लागलेला डाग ओळखायला मात्र तो चुकला. मीही चुकलो, आणि मला तर तसले डाग ओळखण्याच्या खात्यातच नोकरी होती.

साठ-सत्तरच्या दशकांतली ही गोष्ट. सुरतेत उधन्याहून पांडेसऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची चाळ होती. वडील रेल्वेत, म्हणून आम्ही भुसावळहून इकडे आलेलो. मी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत स्लाइडी बनवायच्या कामाला होतो. म्हणजे माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पापुद्र्यासारखे काप काढायचे, काचेवर चिकटवायचे आणि रंगवून डॉक्टरांच्या पुढे ठेवायचे. शेजारच्या खोलीत रंगमास्तर आणि त्यांची बायको, दोघंच. मास्तर पारोळ्याकडचे, पिढीजात रंगारी, आणि पांडेसऱ्यातल्या एका रंगाई कारखान्यात रंग जमवून द्यायचं काम करत. व्यापारी बोटभर चिंधी पुढे टाकून 'आवोज जोईए', म्हणजे अगदी असाच हवा, म्हणत. मास्तर ती डोळ्यांपुढे धरत, मग नाकापुढे धरत, मग तीन पुड्यांतून चिमूट-चिमूट हौदात सोडत, आणि संध्याकाळी ठाण बाहेर आलं की त्यातली चिंधी कोणती आणि ठाण कोणतं हे व्यापाऱ्यालाच विचारत. घरी ते अहिराणी बोलत, कारखान्यात गुजराती, आणि माझ्याशी दोन्हींत थोडं मराठी कालवून. मी दवाखान्यात आहे एवढ्यावरून त्यांनी मला पहिल्याच दिवशी 'डाक्टर' करून टाकलं. मी नुसता मदतनीस आहे, असं मी तीन-चारदा सांगून पाहिलं. "मग मी तरी कुठे मास्तर शे? चवथी नापास शे मी," असं त्यांनी म्हटल्यावर मी तो नाद सोडला.

मास्तरांचं मूळचं कातडं चाळीत कुणी पाहिलेलं नव्हतं. कोपरापर्यंतचे हात बाजारात जे चालू असेल त्या रंगाचे असत. चाळीतल्या बायका साडी घ्यायला निघाल्या की आधी मास्तरांचे हात बघून जात, म्हणजे दुकानदार जुना माल गळ्यात मारतोय की काय ते कळे. घाम पुसला की पंचा पोपटी, शिंकले की रुमाल डाळिंबी. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पांढरी चादर अंथरायचं लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिलं होतं. इतकंच काय, सामाईक मोरीतून मास्तर बाहेर आले की पुढचा माणूस आत डोकावून बातमी देई: आज राणी कलर, आज मेंदी. नाकातोंडातून जे आत जात होतं ते कुठूनतरी बाहेर यायचंच, आणि रंगाईत काम करणाऱ्या सगळ्यांचंच तसं होतं. कुणाला त्यात वावगं काही दिसत नसे. धुळवडीच्या दिवशी मात्र मास्तर पांढरेशुभ्र कपडे घालून ओट्यावर बसत, आणि कुणी रंग घेऊन जवळ आलं की हात जोडून म्हणत, "नको भो, आज मले सुट्टी शे."

दुसरी खोड जिभेची. हौदातलं पाणी आंबट आहे की खारं हे बघायला कारखान्यात लिटमसच्या कागदी पट्ट्या मिळत. मास्तर त्या खिशात ठेवून देत आणि हौदात बोट बुडवून जिभेला लावत. "कागद खोटं बोलस, जीभ नही बोलस," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ही जीभ घरीही स्वस्थ बसत नसे. माझ्या आईने प्रेमाने पाठवलेल्या आमटीचा एक भुरका घेऊन त्यांनी निरोप पाठवला होता की मसाला बेस्ट आहे, पण अशा पाण्यात हळदीचा रंग उघडत नाही. एका लग्नात त्यांनी वाढप्याला हळूच सांगितलं की मठ्ठा कालचा आहे. वाढप्याने ते वधूच्या मामाला सांगितलं, मामाने वरपक्षाला, आणि पंगत उठायच्या आत दोन्हीकडचे लोक बाह्या सरसावून उभे राहिले. शेवटी मास्तरांनी तोच मठ्ठा सगळ्यांदेखत तीन वाट्या पिऊन दाखवला, तेव्हा कुठे पुढची पंगत बसली.

आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान पाण्यात होतं. कापड बिघडलं तर मालक कामगारावर ओरडत, कामगार पुडीवर, पुडी विकणारा नशिबावर. मास्तर एवढंच म्हणत, पाणी देखा. तापीच्या पाण्यात जो लाल खुलतो तोच बोअरच्या पाण्यात मरतो, यात लालाचा काय दोष, असं ते विचारत. चाळीत एकजण चोरटी दारू पिऊन बायकोला मारायचा. त्याला धरून चोपायचं सगळ्यांनी ठरवलं तेव्हा मास्तर आडवे आले. "कापडले मारीसन काय व्हई? हौदनं पाणी देखा." मग स्वतः खटपट करून त्यांनी त्याला त्याच्या टोळक्यातून काढलं आणि कामरेजकडे ओळखीच्या शेतावर कामाला लावून दिलं. तिथे तो अगदी सुधारला. महिनाभर. मग तिथेही त्याला तसेच दोस्त भेटले. "तठलं पाणीबी तेच निघनं," मास्तर खेदाने म्हणाले, पण सिद्धांत सोडला नाही.

मीही रंगवतो हे कळल्यावर मास्तरांना काय आनंद झाला होता! "म्हणजे तूबी रंगारीच शे, डाक्टर!" असं म्हणून त्यांनी चार घरांत साखर वाटली, आणि सुट्टीच्या दिवशी माझं काम बघायला थेट प्रयोगशाळेत हजर झाले. आमच्या खात्याच्या मोठ्या डॉक्टर एक गुजराती बाई होत्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, तपकिरीची ओढ, आणि बोलणं गुजराती-हिंदी मिसळून. त्यांच्यासमोर मेडिकल कॉलेजची पोरं चळचळा कापत. मास्तरांनी त्यांच्यासमोरच माझी एक स्लाइड उजेडात धरली आणि निळा मेलेला आहे असं जाहीर केलं. पेशीच्या मध्यावर जो निळा चढायला हवा तो खरोखरच कितीतरी दिवस लालसर राहत होता आणि आम्ही सगळे रंग पुरवणाऱ्याला शिव्या देत होतो. मास्तरांनी शेवटच्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकायला लावला. पाच मिनिटांत निळा असा उघडला की बाईंनी डबी पुढे करून मास्तरांना तपकीर दिली. तो मान आमच्या खात्यात आजवर कुणाला मिळाला नव्हता. मास्तर मग महिन्या-दोन महिन्यांनी येतच राहिले.

इथवर सांगताना हात सहज चालतो. पुढचं लिहायला मी बरीच वर्षं टाळलं.

एका वर्षी दिवाळीनंतर कारखान्यात बाहेरगावचं मोठं काम आलं आणि महिनाभर नुसता नेव्ही ब्लू चालू होता. मास्तर कोपरापर्यंत निळे, पंचा निळा, नखं निळी. पण मोरीत लाल. पुढच्या माणसाने नेहमीसारखी बातमी दिली आणि चाळीत हशा पिकला. मास्तरांनाही गंमत वाटली. "दिवाळीना लाल अजून उतरी राह्यना," ते म्हणाले. आणि मी, ज्याच्या हातून रोज 'लघवीतून रक्त' अशा चिठ्ठ्या जात होत्या, तो मी म्हणालो, "मास्तर, तुमचा रंग पक्का निघाला. शेठला सांगा, गॅरंटी द्यायला हरकत नाही." या विनोदाला सगळ्यात जास्त मीच हसलो. दुखत नव्हतं त्यांना. दुखलं असतं तर देवाशपथ मी विचारलं असतं. दोन आठवड्यांनी तो लाल आपोआप थांबला, होळीच्या सुमारास पुन्हा आला, पुन्हा थांबला, आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी नवा विनोद सुचला. जगात दुसऱ्या कुणाची लघवी लाल झाली असती तर तो त्याच दिवशी घाबरून दवाखान्यात पळाला असता. रंगाईतल्या माणसाला रक्तसुद्धा रंगच वाटलं. असं वर्ष गेलं.

मग एका सकाळी त्यांची लघवीच बंद झाली. हातगाडीवर घालून त्यांना दवाखान्यात नेलं, नळी घातली, रक्ताच्या गाठी निघाल्या, आणि दोन दिवसांनी माझ्या टेबलावर एक बाटली आली. आत हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा, बाहेर मास्तरांचं नाव. दहा वर्षांत मी हजारो तुकडे कापले असतील. तुकडा कुणाचा तरी शेजारी असतो हे त्या दिवशी कळलं. मी तो मेणात बसवला, कापला, रंगवला, शेवटच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकला आणि बाईंपुढे ठेवला. बाईंनी पाहिलं. मग डबी उघडली, तपकीर न ओढताच मिटली. मूत्राशयाचा कर्करोग होता, आणि तो आतल्या भिंतीत उतरायला लागला होता. "पहले लाल के टाइम आते, तो अंदरथी खरडी नाखते," बाई म्हणाल्या. तेव्हा नुसतं आतून खरवडून भागलं असतं; आता लघवीची पिशवीच काढून टाकावी लागणार होती. मुंबईला सोय होईल, चिठ्ठी मी देते, पण महिन्याच्या आत, असं त्यांनी बजावलं.

मास्तरांना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच हट्ट धरला, "मनी गाठ मले दखाड." बाई म्हणाल्या, दाखवा, त्यांचीच आहे. मास्तर स्टुलावर बसले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकाच्या काचेतून बघत राहिले. शेवटी मान वर न करता ते म्हणाले, "रंग बेस बसना रे डाक्टर." मग प्रश्न सुरू झाले. हे गडद निळे कोण? ती कर्करोगाची पिलावळ. मग भोवतीचे हे गुलाबी धागे? ते तुमचे, चांगले. चांगले आहेत तर तिला अडवत का नाहीत?

इथे बाईंची कळी खुलली. विलायतेहून दोन-दोन महिने उशिरा येणारी मासिकं त्या अधाशासारख्या वाचत, आणि त्याबद्दल विचारणारं त्यांना कुणी भेटत नसे. साधी पेशी साखर खाते आणि हवेच्या मदतीने ती पुरती जाळते, राख होईपर्यंत. थोड्या साखरेत तिचं भागतं. ही पेशी उतावळी. ती साखर अर्धीच जाळते, आंबवून टाकते, आणि आंबट पाणी बाहेर फेकते. म्हणून हिला साखर लागते पोत्याने. मास्तरांनी एकदम काचेवरून डोळा काढला. त्यांच्या आजोबांच्या घरी निळीचा माठ होता, गूळ घालून आंबवायचा. निळीचा रंग त्या आंबवणीतच सुटतो. "पण बाई, माठले झाकण लागस. हवा गयी की आंबणं बंद." बाई जवळजवळ ओरडल्याच, "एज तो वात छे, मास्तर! हिला हवा दिली तरी ही आंबवतेच." मास्तर थक्क झाले. उघड्यावर आंबणारा माठ त्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. वर्षभर शिकवून पोरांच्या डोक्यात न शिरलेली गोष्ट या चौथी नापास माणसाला एका घोटात समजली, असं बाई नंतर सगळ्यांना सांगत होत्या. मग त्यांनी पुढचंही सांगितलं. ते आंबट पाणी भोवतीच्या चांगल्या पेशींना सोसत नाही, हिला सोसतं. त्या मरतात आणि हिला जागा होते. काही शेजारी मरत नाहीत, फितूर होतात. तिच्यासाठी धागे विणतात, रक्ताच्या नळ्या तिच्या दारापर्यंत आणून देतात. मास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे गाठ गुंड शे, पण मोहल्लाबी सामील शे."

"एकदम बराबर," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना फार आनंद झाला होता, आणि पुढे मरेपर्यंत त्यांना त्याच आनंदाचा पश्चात्ताप होता.

कारण मास्तर घरी गेले ते माठ सुधारायच्या निश्चयाने. निळीचा माठ आंबट झाला तर रंगारी काय करतो? गुळाचा खुराक तोडतो आणि चुना घालतो. माठ फोडतो का? मास्तरांनी चहातली साखर तोडली, गूळ तोडला, केळं तोडलं, पुरणपोळीच्या दिवशी ते घराबाहेर जाऊन बसले. चुन्याऐवजी खायचा सोडा, दिवसातून चार वेळा, पेल्यात ढवळून. आणि ज्या पट्ट्यांना ते आयुष्यभर खोटारड्या म्हणत आले त्याच आता मोरीतून बाहेर येताना त्यांच्या हातात असत. पट्टी निळी झाली की सगळ्या चाळीला दाखवत फिरत. "देख डाक्टर, निळी! खट्टं गयं!" सोडा प्यायल्यावर कुणाचीही लघवी पट्टी निळी करते, गाठीच्या पोटात काय चाललंय ते पट्टीला काय ठाऊक, हे मी त्यांना सांगितलं, बाईंनी बोलावून सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. बाईंनी त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडले. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगं ना, पाणी आंबट शे म्हणून ती वाढस. मग पाणी बदलाले नको?" पाणी बदलायचं कसं हे बाईंच्या मासिकांतही कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या म्हणाल्या, कारण बरोबर आहे मास्तर, उपाय अजून कुणाला माहीत नाही, तोवर चाकूच खरा. मास्तरांनी फक्त पहिले तीन शब्द ऐकले.

मी चिडलो, भांडलो, तोंडाला येईल ते बोललो. एकदा वहिनींसमोर म्हणालो की तुम्ही हट्टाने मरणार आहात आणि वर आम्हाला निळी पट्टी दाखवणार आहात. मास्तर रागावले नाहीत. पेल्यातला सोडा ढवळत म्हणाले, "पिशवी काढी टाकी ते पोटले बाहीर थैली लागी, बरोबर? थैली लटकाडीसन मी हौदवर उभा राहू का?" तेव्हा मला कळलं की त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीला बाईंच्या मासिकाने एक चांगलं कारण पुरवलं होतं. गाठ वाढवायला त्यांच्या शरीरातला शेजार सामील होता, आणि बाहेर आम्ही होतो. आम्ही वर्षभर हसलो, मग त्यांना हुशार म्हणालो. कशानेही त्यांचा जीव वाचला नाही.

चार महिन्यांनी त्यांचा पाय सुजला, कंबर धरली, आणि साखर तोडल्याने म्हणा की गाठीने सगळी ओरपल्याने म्हणा, अंगावरचं मांस उतरलं. मुंबईला नेलं. तिथे पोट उघडलं आणि तसंच शिवलं. परत आल्यावर मास्तरांनी सोड्याचा डबा वहिनींना भांडी घासायला देऊन टाकला आणि चहात तीन चमचे साखर मागितली. "पी लेऊ दे तिलेबी," पोटातल्या गाठीवर हात ठेवून म्हणाले. मी हसलो नाही. ते हसले.

शेवटच्या दोन महिन्यांत त्यांनी आणखी एक खूळ काढलं, आणि त्या खुळापुढे मी आजही हात जोडतो. कारखान्यातला जो कोणी भेटायला येई त्याला ते आधी विचारत, "हौदात काय चालू शे? आणि मोरीत?" हौदात हिरवा आणि मोरीत लाल असं कुणी म्हणालं की मास्तर खाटेवर उठून बसत आणि वहिनींकडून धुतलेली औषधाची बाटली मागवत. मग ती भरलेली बाटली घेऊन तो माणूस माझ्या दारात उभा राही, लाजून फडक्यात गुंडाळलेली. चाळीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटे मी अत्तरं विकतो. काही पुड्यांतल्या रंगांनीच हा रोग होतो असं बाईंनी सांगितल्यापासून, चाखायचं नाही, हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही, असा मास्तरांचा वटहुकूम निघाला होता, आणि तो सगळ्यात मोठ्या चाखणाऱ्याने काढलेला असल्यामुळे लोक ऐकल्यासारखं करत. त्या बाटल्यांतून बाईंना त्याच रोगाचे दोघे जण सापडले. एकाने लगेच आतून खरवडून घेतलं. दुसरा म्हणाला, मास्तरांनी एवढं केलं, काय झालं? आणि तो गावी निघून गेला. मास्तरांना मी दोघांनीही खरवडून घेतलं असं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात थोपटला. त्यांचे हात तेव्हा साध्या गव्हाळ रंगाचे झाले होते. वहिनींनी ते तसे लग्नाच्या मांडवात पाहिले होते, त्यानंतर आत्ताच.

ते गेले त्या आठवड्यात मी रोज वहिनींकडे जाऊन बसत होतो. एका दुपारी बाकीच्या बायका उठून गेल्या. वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि भिंतीकडे बघत विचारलं, "भाऊ, एक सांगशात का? पहिलांदा लाल दिसना, तव्हयच नेलं असतं तर वाचले असते का?" मग त्या म्हणाल्या, "त्यास्ना लेंगा मीच धुवू. वीस वरीस रंग धुयेल शेत मी. रंग पाण्यात सुटस. तो लाल सुटे नही, थंड पाण्यात भिजत घालना पडे. तो रंग नही, हे मले दिसेल व्हतं. पण ते हसत, तुम्ही हसत, सगळे हसत. मीबी गप बसनू."

पहिल्या लालाच्या वेळी आले असते तर, हे बाईंचे शब्द माझ्या कानात होते. मी कप खाली ठेवला. "नाही वहिनी," मी म्हणालो, "तेव्हाही उशीरच झाला होता. तो रोगच तसा. पहिल्या दिवशी नेलं असतं तरी काही उपयोग नव्हता. मी स्वतः काचेत पाहिलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दवाखान्यातला, मी पाहिलंय म्हणालो, म्हणजे खरंच असणार. इतके दिवस कोरड्या राहिलेल्या त्या बाईने पदर तोंडाला लावला आणि मोकळेपणी रडून घेतलं. नंतर तोंड धुऊन आल्या, माझा निवलेला चहा परत गरम करून दिला, आणि त्या रात्री म्हणे आठवड्यात पहिल्यांदा झोपल्या.

मला मात्र ती एक गोष्ट तशी सांगणारं कुणी नव्हतं. बाईंना विचारायची सोय नव्हती, त्यांनी खरं सांगितलं असतं. मास्तर असते तर माझं तोंड बघून त्यांनी आपणहून सांगितलं असतं, की नाही रे डाक्टर, तव्हय बी उशीरच व्हता. आणि मी विश्वास ठेवला असता.